गेम विकत घेतला तरी स्टीमसारखं ॲप सक्तीचं का? नेट नसलेल्या गावात काय करायचं?

तुम्ही विचारलंय की दुकानातून रोख पैसे मोजून घेतलेल्या पीसी गेमलाही स्टीमसारखं (गेम विकणारं, उतरवणारं आणि चालवणारं) ॲप आणि त्यावरचं खातं का लागतं, ही सक्ती बरोबर आहे का, आणि गावात धड रेंज नसेल तर करायचं काय. पुण्यातल्या मित्रांनी 'एवढं काय त्यात' म्हणून उडवून लावलं, असंही तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. दारव्ह्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान चालवतो. या बाबतीत एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

२०१४ ची दिवाळी. पहिल्या वेच्याचा कापूस विकला, चुकारा हातात आला आणि बाबांनी काही न विचारता पंधराशे रुपये दिले. दुसऱ्या दिवशी नागपूर, बर्डीवरचं दुकान, आणि चार डिस्कची चकचकीत डबी. गेमचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. येताना एसटीत ती डबी मी किती वेळा उघडून वास घेतला असेल! मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'इंटरनेट आवश्यक' असं छापलेलं होतं, ते मात्र वाचलं नाही.

रात्री लाईन आल्यावर इन्स्टॉल करायला बसलो. तिसऱ्या डिस्कला लाईन गेली, पुन्हा पहिल्यापासून. पहाटे चारही डिस्क संपल्या आणि पडद्यावर आलं: खातं उघडा, कोड टाका, ऑनलाइन व्हा. आमच्याकडे तेव्हा टूजीचं डोंगल होतं आणि त्याला रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी. पीसी वर नेला. हो, अख्खा पीसी, मॉनिटरसकट. खातं उघडलं, कोड लागला, आणि त्यानं सांगितलं की खेळण्याआधी अकरा जीबीचं अपडेट उतरवा. डोंगलचा पॅक महिन्याला एक जीबीचा. बाबा वावरात जायला निघाले होते. मला स्लॅबवर पाहून वर आले.

"पैसे देल्ले ना तू?"

"देल्ले."

"मंग आता कोनाले इचारून राह्यला?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तुमचा प्रश्नही तोच आहे, फक्त जरा शहरी भाषेत.

आधी हे सुरू कसं झालं ते. पूर्वी, चोरून कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप डिस्कमध्येच असायचं. खेळताना सीडी ड्राइव्हमध्ये ठेवावी लागे, आणि सीडीला ओरखडा पडला की गेम गेला. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम काढलं, मुख्यतः आपल्या गेमची अपडेट्स एका ठिकाणाहून देता यावीत म्हणून. खरी सक्ती आली ती नोव्हेंबर २००४ मध्ये, 'हाफ-लाइफ २' सोबत. डबी विकत घेतलेल्यांनाही स्टीमवर खातं उघडून गेम चालू करून घ्यावा लागला. त्या दिवशी सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की हातात डिस्क असून लोक बाहेर ताटकळले. शिव्या भरपूर पडल्या, पण गेम इतका चांगला होता की सगळ्यांनी खातं उघडलंच. मग बाकीच्यांनाही कळलं की हे चालतं. २०१५ मध्ये 'मेटल गिअर सॉलिड ५' ची पीसीची डबी आली, तर तिच्या डिस्कवर गेमच नव्हता. नुसता स्टीमचा इन्स्टॉलर होता. डबी म्हणजे आतल्या कागदावरचा एक कोड, बाकी प्लास्टिक. ईए आणि युबिसॉफ्ट या गेम कंपन्यांनी तर त्याआधीच आपापली ॲप काढली होती. आता त्यांचे काही गेम स्टीमवर घेतले तरी आत गेल्यावर दुसरं ॲप उघडतं आणि पुन्हा लॉगिन मागतं.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही, हे मी मान्य करतो. आमच्या तालुक्याच्या कॅफेत आम्ही पोरं जे खेळायचो त्यातली एकही सीडी विकतची नव्हती. त्या काळात गेम विकत घेतात हेच मला माहीत नव्हतं. २०१५ च्या शेवटी स्टीमनं रुपयात किमती लावल्या, मग सेलमधल्या किमतीही रुपयात दिसायला लागल्या, आता यूपीआयनं पैसे भरता येतात. मी पैसे देऊन गेम घेणारा माणूस झालो तो कुलपामुळे नाही, किंमत खिशात बसायला लागली म्हणून. डिस्क हरवली तरी गेम खात्यात राहतो, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी गेलं की तेच खातं तिथं उघडतं. मी आजही स्टीम वापरतो. त्यामुळे 'ॲपच नको' हे माझं म्हणणं नाही. चार जण मिळून ऑनलाइन खेळायच्या गेमला सर्व्हर लागणारच, त्याबद्दलही तक्रार नाही. पण एकट्यानं खेळायच्या गेमला, पैसे भरून झाल्यावर, दुसऱ्याची परवानगी लागू नये.

बाबांना मी हे पुढे कधीतरी समजावून सांगितलं. गेम आपला नसतो, खेळायचा परवाना आपला असतो, असं. ते म्हणाले, "म्हन्जे मक्त्यानं केलेलं वावर." मला आधी पटलं. मग लक्षात आलं, मक्ता त्याहून बरा. त्यात साल ठरलेलं असतं, मालक मधेच धुऱ्यावर येऊन 'उद्यापासून येऊ नको' म्हणत नाही. गेमच्या परवान्याला मुदतच लिहिलेली नसते. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्यानं गाडी चालवणंही बंद झालं, कारण गेम कायम ऑनलाइन असायलाच हवा होता. ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांनी तिचं काय करावं? आमच्याकडे अशा डिस्क पाखरं हाकलायला तुरीत टांगतात. त्यानंतरच, विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणारी 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: कायमची डाउनलोड करून ठेवता येत नसेल अशा डिजिटल वस्तूला, हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट न सांगता, 'विकत घ्या' म्हणायचं नाही. आपल्याकडे असं काही झालं तर मला आनंदच होईल.

तुमच्या पुण्याच्या मित्रांना सांगायच्या दोन गोष्टी आहेत, कारण फायबरवर बसून त्या दिसत नाहीत.

एक, स्टीमचा परताव्याचा नियम: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. नियम चांगला आहे. आता तुमचा रोजचा डेटा दीड जीबी धरा आणि गेम साठ जीबीचा. चौदा दिवसांत उतरतात एकवीस जीबी. गेम पूर्ण उतरायला चाळीस दिवस, तेही घरात कुणी दुसरं काही पाहिलं नाही तर. म्हणजे गेम आपल्या पीसीवर चालतो की नाही हे कळायच्या आतच परताव्याची मुदत निघून गेलेली.

दुसरी, खेड्यातला पीसी बहुतेक वेळा सेकंड हँड असतो. शहरातल्या ऑफिसातून निघालेला, चार जीबी रॅम, विंडोज सात. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनं विंडोज सात आणि आठचा सपोर्ट काढून घेतला. जो गेम विंडोज सातसाठीच बनला होता आणि त्यावर मजेत चालत होता, त्याच्या दारातला रखवालदारच त्या मशीनवर उभा राहायची हमी आता कुणी देत नाही. गेम जुना झाला नाही, पीसी बिघडला नाही. सक्तीचा खरा त्रास मला इथे दिसतो.

आरडाओरडा करून काही होत नाही असंही नाही. मे २०२४ मध्ये सोनीनं 'हेलडायव्हर्स २' च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं करणार असं जाहीर केलं. ज्या देशांत ते खातं उघडताच येत नाही तिथेही गेम विकून झालेला होता. लोकांनी स्टीमवर वाईट शेऱ्यांचा असा पाऊस पाडला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

आता तुमच्या कामाचं. जिथे कुलूप नाही तिथून घेता येत असेल तर तिथूनच घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २००८ मध्ये सुरू केलेलं गॉग हे दुकान गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर देतं. तो एकदा उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की पुढे कुणाला विचारायचं काम नाही. माझ्याकडे तिथले जुने गेम एका डब्यात आहेत, लग्नाच्या अल्बमशेजारी. स्टीमवरच्याही सगळ्या गेमना कुलूप नसतं. ते लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो, आणि काही गेम फोल्डरमधून थेट उघडतात.

स्टीमवरच घ्यायचा असेल तर मी करतो ते सांगतो. माझा आतेभाऊ अमरावतीत राहतो, त्याच्याकडे फायबर आहे. घेण्याआधी फोन करतो. तो म्हणतो, "सीपीयू घिऊन ये ना बे, इथंच उतरव." फटफटीवर सीपीयू बांधून नेणं नको वाटत असेल तर नुसती हार्ड डिस्क न्या. तिकडे गेम उतरवून 'स्टीमॲप्स' मधल्या 'कॉमन' फोल्डरातलं गेमचं फोल्डर कॉपी करा, घरी त्याच जागी ठेवा आणि स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. ते आधीच्या फाइल्स तपासून घेतं आणि जे कमी असेल तेवढंच उतरवतं. २०२३ पासून एकाच नेटवर्कवरच्या दोन पीसींमध्ये गेम थेट पाठवायचीही सोय आहे. गावात कुणाकडे तोच गेम असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन्ही जोडा. लॉगिनपुरता डेटा जाईल, गेम इकडून तिकडे फुकट येईल. वेळ लागतो, त्या रात्री लाईन राहो. आणि प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन अपडेट 'गेम चालू करतानाच' असं करून ठेवा, नाहीतर सकाळी उठेपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो.

राहिला ऑफलाइन मोड. तो चालतो, पण त्याआधी नेट असताना लॉगिन लक्षात ठेवायची खूण केलेली हवी आणि तो गेम एकदा तरी उघडलेला हवा. काही गेम पहिल्यांदा उघडल्यावरच जोडीला लागणारी दोन-तीन सॉफ्टवेअर टाकतात आणि दुसऱ्या ॲपचं लॉगिन मागतात. म्हणून सीपीयू नेला असेल तर परत बांधायच्या आधी, आतेभावाच्या घरीच, नेटची वायर काढा, पीसी बंद करून पुन्हा चालू करा आणि गेम उघडून पाहा. मी एकदा हे केलं नाही. अमरावती ते गाव शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच रस्त्यावर होतो, मागे सीपीयू बांधून.