घरासाठी पूल टेबल घेताना नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात १७ फूट बाय साडेतेरा फुटांची खोली रिकामी आहे, तुम्ही आणि तुमची दोन मुलं पूल (क्यू नावाच्या लांब काठीने बॉल मारून काठावरच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, पाडायचा खेळ) खेळणार आहात, टेबल एकदाच घ्यायचं आणि ते वर्षानुवर्षं टिकायला हवं. तर सातफुटी घ्यावं की आठफुटी, कापडाखाली स्लेटचा दगडच हवा का, आणि वापरलेलं मिळालं तर चालेल का?

माझ्या घरात आजवर दोन टेबलं आली. पहिलं दोन वर्षंही टिकलं नाही, दुसऱ्यावर गेली अकरा वर्षं खेळतोय. आधी पहिल्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

ते टेबल दिसायला देखणं होतं. कोरीव पाय, गडद पॉलिश, चामड्याची पॉकेट्स. दुकानात मी पायांवरची नक्षी निरखली, काठावरून हात फिरवला आणि पैसे भरले. कापडाखाली काय आहे हे विचारलंच नाही. खाली एमडीएफ होतं, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी. वर्षभर सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी मुलीने आठ नंबरचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटकडे अगदी हलक्या हाताने सोडला. बॉल सरळ निघाला, शेवटच्या दीड फुटात वेग उतरला तसा डावीकडे झुकला आणि कुशनला, म्हणजे काठाच्या आतल्या रबरी कडेला, टेकून थांबला. "बाबा, मी बरोबर मारला होता," ती म्हणाली. आणि तिने खरंच बरोबर मारला होता. रात्री दिवा टेबलाच्या पलीकडे धरून मी कापडाच्या पातळीवर डोळे आणले, तेव्हा मधोमध उथळ खळगा स्पष्ट दिसला. एमडीएफ हवेतला ओलावा धरतं, फुगतं, हळूहळू बाक धरतं आणि एकदा बाक आला की परत सरळ होत नाही. पायांचे स्क्रू फिरवून तिरकं टेबल समतल करता येतं, खोलगट झालेलं नाही. मुलं शिकत असताना हे सगळ्यात वाईट. चूक आपल्या हाताची की टेबलाची, हेच त्यांना कळत नाही.

म्हणून माझं सगळ्यात ठाम उत्तर हे: स्लेटचंच घ्या. शाळेच्या जुन्या पाटीचा असतो तोच हा दगड. तो थराथराने सुटतो, त्यामुळे मोठे सपाट तुकडे निघतात. ते घासून एकसारखे करता येतात आणि ओलाव्याने फुगत नाहीत. पूर्वी बिलियर्ड्सची टेबलंसुद्धा लाकडी फळ्यांची असत आणि तीही वाकत. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ साली स्लेट वापरायला सुरुवात केली. आज मोठ्या स्पर्धांच्या टेबलात कापडाखाली दगडच असतो.

जाडी १ इंच असेल तर उत्तम. सातफुटी टेबलाला पाऊण इंचही चालते, पण खालची चौकट दणकट हवी. विक्रेता "सिंथेटिक स्लेट" किंवा "स्लेटसारखंच मटेरियल" म्हणाला तर तो दगड नाही एवढं समजून घ्या. खात्री करायची तर टॉर्च घेऊन टेबलाखाली जा. स्लेटची कड करडी असते, हाताला थंड लागते आणि टिचकी मारली तर लाकडासारखा पोकळ आवाज येत नाही. दुसरी खूण वजनाची. १ इंच स्लेटचं आठफुटी टेबल साधारण ३५० ते ४५० किलो भरतं. माहितीपत्रकात आठफुटी टेबलाचं वजन दीडशे किलो लिहिलं असेल तर आत स्लेट नाही.

टेबलाखाली गेलाच आहात तर चौकटही बघून घ्या, कारण एवढा दगड पेलायचा आहे. लांबीच्या बाजूने मधून जाणारी तुळई आहे का, आडव्या पट्ट्या किती, आणि मुख्य म्हणजे स्लेटचे तुकडे जिथे जुळतात त्या सांध्याखाली आधार आहे का. पाय चौकटीला बोल्टने घट्ट आवळलेले असावेत. टेबलाच्या एका कोपऱ्याला कंबरेने धक्का द्या, टेबल जराही डुलता कामा नये.

घरगुती टेबलाची स्लेट बहुतेक वेळा तीन तुकड्यांत येते. ती एका पातळीत बसवणं हे खरं कसब आहे. आमचं दुसरं टेबल बसवायला आलेल्या कारागिराला चार तास लागले आणि मी पूर्ण वेळ तिथेच बसून होतो. तो सुताराची साधी लेव्हल वापरत नव्हता. मशीन बसवताना वापरतात ती बारीक मापाची लेव्हल त्याच्याकडे होती, कारण इथे फरक केसाएवढा असला तरी हळू जाणारा बॉल वळतो. आधी चौकट समतल केली, मग एकेक तुकडा ठेवून जिथे कमी पडेल तिथे स्लेट आणि चौकटीच्या मध्ये पातळ पाचरी सरकवल्या, मग स्क्रू आवळले, परत मोजलं, परत सैल करून पाचर बदलली. शेवटी मधमाशांचं मेण वितळवून सांध्यात सोडलं आणि गार झाल्यावर धारदार पात्याने खरवडून दगडाशी सारखं केलं. मला म्हणाला, "डोळे मिटा आणि बोट फिरवून सांधा कुठे आहे ते सांगा." मला सांगता आलं नाही. त्यानंतरच त्याने कापड ताणायला घेतलं. तुमच्याकडे कोणी कापड आधी आणि लेव्हल नंतर करायला लागला तर त्याला थांबवा. उत्तम स्लेटही वाईट बसवली तर काही उपयोग नाही, म्हणून कारागिराची चौकशी टेबलाइतकीच नीट करा.

आता कुशन. कापडाखालच्या रबराची पट्टी बाहेरून दिसत नाही, पण खेळाचा निम्मा स्वभाव तीच ठरवते. घरगुती टेबलांवर जास्त करून के-६६ नावाच्या घडणीचं रबर असतं, काही टेबलांवर के-५५. दोन्ही चांगली. नैसर्गिक रबराची आहेत का एवढं विचारा. हलक्या प्रतीचं रबर काही वर्षांत कडक होतं आणि बॉल उसळण्याऐवजी मेल्यासारखा परत येतो. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत याची एक चाचणी आहे आणि ती दुकानातही करता येते. व्हाइट बॉल टेबलाच्या एका टोकाजवळ कापडावर खूण असते त्या स्पॉटवर ठेवा, क्यू आडवा धरून बॉलच्या मधोमध जोरात, पण न उडवता लांबीच्या दिशेने मारा. तो टेबलाच्या किमान चार ते साडेचार लांबी फिरला पाहिजे. मग एकाच काठावर वेगवेगळ्या जागी बॉल सारख्याच जोराने मारून आवाज ऐका. एखाद्या जागी "थड" असा बसका आवाज आला तर तिथला बोल्ट सैल आहे किंवा रबर लाकडापासून सुटलंय. बोल्ट आवळता येतो. सुटलेलं रबर मात्र सगळा काठ खोलून नव्याने चिकटवावं लागतं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. कुशनचं टोक बॉलच्या व्यासाच्या सुमारे ६३.५ टक्के उंचीवर असायला हवं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे टोक साधारण ३६ मिलिमीटरवर आलं. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा असल्याने त्याच्या टेबलाचं कुशन ३३ च्या आसपास असतं. छोटं स्नूकर टेबल "पूल टेबल" म्हणून पूलच्या बॉलसकट विकलेलं मी पाहिलंय. त्यावर जोरात मारलेला बॉल कुशनवरून उडी मारतो. फूटपट्टी सोबत न्या, एका मिनिटाचं काम आहे.

आता मापाकडे येतो. "सातफुटी", "आठफुटी" ही नुसती नावं आहेत, खरं माप कुशनच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत घ्यायचं. आठफुटीचं खेळायचं क्षेत्र ८८ बाय ४४ इंच, नऊफुटीचं १०० बाय ५०, सातफुटीचं बहुधा ७८ बाय ३९. लांबी नेहमी रुंदीच्या दुप्पट असते. काठावरच्या खुणांवरूनही ओळखता येतं. लांबीचे आठ सारखे भाग असतात, म्हणून आठफुटीवर दोन खुणांमध्ये ११ इंच आणि नऊफुटीवर साडेबारा. नेहमीचा क्यू ५८ इंचांचा. बॉल कुशनला चिकटला असेल तर जवळजवळ अख्खा क्यू टेबलाबाहेर येतो, म्हणून चारही बाजूंना एक क्यू जागा हवीच, आणि त्याशिवाय मागे झोका घ्यायला काही इंच.

तुमच्या खोलीत हे मांडून बघू. खोली २०४ बाय १६२ इंच. आठफुटीला लांबीत ८८ अधिक दोन क्यू, म्हणजे बरोबर २०४ इंच लागतात. रुंदीत १६० लागतात. म्हणजे झोक्याला जागाच उरत नाही. काठाजवळचा प्रत्येक फटका भिंतीला अडेल आणि क्यू उचलून वरून मारायची सवय मुलांना लागेल. सातफुटीला १९४ बाय १५५ लागतात, म्हणजे लांबीत प्रत्येक बाजूला पाच आणि रुंदीत साडेतीन इंच मोकळे राहतात. हेही ऐसपैस नाही, पण नीट खेळता येतं. आठफुटी घ्या आणि ४८ इंची छोटे क्यू ठेवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. एखाद्या कोपऱ्यापुरता छोटा क्यू ठीक आहे. सगळा खेळ त्यावर शिकू नये, हात बिघडतो. मी तुमच्या जागी निःसंकोच सातफुटी घेईन. आणि ही मापं मोकळ्या भिंतींची आहेत. कपाट असेल, रेडिएटर असेल, दार आत उघडत असेल तर तेवढं वजा करा. घेण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने ७८ बाय ३९ इंचांची चौकट आखा आणि हातात ५८ इंचांची काठी घेऊन मुलांसोबत चारी बाजूंनी वाकून बघा.

कापडावर सुरुवातीलाच फार खर्च करू नका. वेगवान कापड हवं असेल तर सायमोनिस ८६० सारखं बिनलवेचं विणलेलं कापड मिळतं आणि त्यावर बॉल खूप पळतो. पण मुलं शिकताना क्यूचं टोक कापडात घुसणारच. आधी साधं लवेचं कापड लावा, हात बसला की चांगलं घ्या. कापड बदलता येतं, स्लेट बदलणं जवळपास नवं टेबल घेण्यासारखं आहे. बॉल मात्र पहिल्यापासून फेनॉलिक रेझिन या टणक प्लास्टिकचे घ्या, अरामिथ ब्रँडचे वगैरे. ते वर्षानुवर्षं गोल राहतात आणि त्यांचे टवके उडत नाहीत. पॉकेटमध्ये जाळी किंवा चामड्याची पिशवी असलेलं साधं टेबल मला आवडतं, कारण बॉल एका टोकाला आणणाऱ्या नळ्या अडकतात आणि खडखडतात. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड स्पर्धेच्या टेबलावर साडेचार इंचांच्या आसपास असतं. घरी थोडं रुंद असेल तर बिघडत नाही, बॉल जात राहिले की मुलं खेळत राहतात. दिवा लांबट हवा, टेबलाच्या बरोबर मधोमध आणि कापडापासून किमान ४० इंच उंच, म्हणजे डोक्याला लागत नाही आणि बॉलच्या सावल्याही पडत नाहीत.

वापरलेलं चालेल का? चालेल, आणि पैसे मर्यादित असतील तर नव्या एमडीएफपेक्षा जुनं स्लेटचं टेबल शंभर वेळा बरं. दगड म्हातारा होत नाही. झिजतं ते रबर आणि कापड, आणि दोन्ही नवी लावता येतात. एकच अट: टेबल जोडलेलं असताना जाऊन त्यावर तासभर खेळा. सुटे भाग भिंतीला टेकवून ठेवलेलं टेबल घेऊ नका, कारण स्क्रूच्या भोकांपाशी किंवा पॉकेटच्या कडेला स्लेट फुटली असेल तर तसं कळत नाही. बॉल अगदी हळू सोडून लांबीत, रुंदीत आणि तिरका असा चालवून बघा. तो एकाच बाजूला ओढला जात असेल तर लेव्हलचा प्रश्न आहे, तो सुटतो. सगळीकडून मध्याकडे येत असेल तर परत फिरा. उतरवताना तीनही तुकड्यांवर आणि सहाही काठांवर खडूने नंबर घालायला सांगा, स्लेटचे तुकडे मूळ क्रमानेच परत बसले पाहिजेत. नाणं टाकून चालणारी क्लबची सातफुटी टेबलंही विकायला येतात. त्यांची स्लेट अखंड असते, सांध्याची कटकट नाही, पण ती जिन्यावरून चढवायला बरीच माणसं लागतात, तेव्हा जिन्याचं वळण आधी मोजा.

आणि नवं असो की जुनं, पहिल्या काही महिन्यांत एवढ्या वजनाने पाय थोडे खाली बसतात, गालिच्यावर असेल तर जास्तच. सहा महिन्यांनी परत येऊन लेव्हल करून देण्याचं कारागिराशी पैसे देण्याआधी ठरवा आणि पावतीवर लिहून घ्या.