चाळीस नावांच्या यादीबद्दल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख हाती आला त्या रात्री एका बैठकीत वाचून काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील पंक, न्यू वेव्ह आणि इंडी (म्हणजे लहान, स्वतंत्र कंपन्यांच्या) अशा रॉक बँडपैकी चाळीस नावे तू निवडली आहेस, प्रत्येकाला एकेक परिच्छेद दिला आहेस आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात ‘उपेक्षित’ हा शब्द आला आहे. हे सारे तू मनापासून ऐकले आहेस, याविषयी मला शंका नाही. पण लेख वाचून संपल्यावर माझ्या कानात त्यांतले एकही गाणे वाजत राहिले नाही, आणि ही गोष्ट तुझ्यापासून लपवली तर तू मला मावशी म्हणण्याला काही अर्थ उरणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, चाळीस नावे सध्या बाजूला ठेव. त्यांतला एक अल्बम घे आणि तो कसा घडला, कुणापर्यंत पोहोचला आणि नेमका कुठे अडला, हे शोधून काढ. एखाद्या बँडची दखल घेतली गेली नाही, हे सांगून त्याची दखल घेतली जात नाही. त्याने काय वाजवले ते नीट सांगितले तरच ती घेतली जाते.

तुझ्या यादीत अकराव्या क्रमांकावर ‘यंग मार्बल जायंट्स’ आहेत आणि त्यांच्यापुढे तू ‘मिनिमल, काळाच्या पुढे’ असे लिहिले आहेस. हे शब्द खोटे नाहीत, पण ते आणखी पन्नास बँडना जसेच्या तसे लावता येतील. वेल्समधील कार्डिफ शहरात १९७८ साली हा बँड उभा राहिला. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि गाणारी ॲलिसन स्टॅटन, एवढीच माणसे. ड्रमवादक कुणी नव्हता. मॉक्सहॅम बंधूंच्या नात्यातल्या, इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या पीटर जॉइसने घरी ड्रम मशीन तयार केले होते आणि त्याचे ठोके कॅसेटवर भरून ती कॅसेट कार्यक्रमात लावली जाई. १९८० च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, त्यांचा ‘कोलॉसल यूथ’ हा अल्बम प्रसिद्ध केला. त्यात पंधरा गाणी आहेत आणि ती वेल्समधल्याच एका स्टुडिओत काही दिवसांत ध्वनिमुद्रित झाली.

आता पहिले गाणे लाव, खोलीतला पंखा बंद कर आणि फक्त गिटारकडे लक्ष दे. स्टुअर्ट उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून वाजवतो, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच मिटतो. तार झंकारत राहतच नाही. त्या मिटलेल्या सुरांच्या मधून फिलिपची बेस गिटार चाल पुढे नेते, म्हणजे एरवी ज्या वाद्याने मागे राहून आधार द्यायचा ते येथे पुढे येऊन गाते. मागे ड्रम मशीनची बारीक टिकटिक चालू असते आणि ॲलिसन कोणताही अलंकार न लावता, शेजारच्या खोलीत कुणी काम करता करता गुणगुणावे तशी गाते. आपले कान तंबोऱ्यावर वाढलेले आहेत. दोन सुरांमधली जागा कुणीतरी भरून ठेवलेली असणार, असे आपण गृहीत धरतो. या अल्बममध्ये ती जागा रिकामी सोडलेली आहे, आणि पहिल्या दोनतीन वेळा ऐकताना मला तो रितेपणा बोचला होता, हे तुला सांगितले पाहिजे. चौथ्या वेळी तो ऐकू येऊ लागला. त्याच वर्षी त्यांनी ‘फायनल डे’ हे दोन मिनिटांहूनही छोटे गाणे काढले. अणुयुद्धाच्या दिवसाविषयीच्या त्या गाण्यात मागे एकच तीव्र, बारीक सूर अथपासून इतिपर्यंत चालू आहे. तंबोऱ्याचा षड्ज गाणाऱ्याला आसरा देतो. हाही अखंड सूरच आहे, पण तो कुणालाही आसरा देत नाही. तुझ्या परिच्छेदात मला हे हवे होते.

आणि हो, हा बँड त्या काळी कुणाला ठाऊकच नव्हता असे समजू नकोस. स्वतंत्र लेबलांच्या खपाची वेगळी यादी ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून निघू लागली होती आणि ‘कोलॉसल यूथ’ त्या यादीत वरच्या क्रमांकांत होता. पुढे वर्षभरातच बँड मोडला. म्हणजे श्रोत्यांनी पाठ फिरवली, हे कारणच येथे लागू पडत नाही.

यावरून मला तुझ्या शब्दाशी थोडे भांडायचे आहे. ‘उपेक्षित’ असे लिहिताना कुणाकडून उपेक्षित, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचार. तुझ्या यादीत न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराचा ‘द क्लीन’ आहे. त्यांचे ‘टॅली हो!’ हे गाणे ‘फ्लाइंग नन’ या नव्याकोऱ्या लेबलने १९८१ मध्ये काढले. अत्यंत तुटपुंज्या पैशांत ध्वनिमुद्रित झालेले ते गाणे त्या देशाच्या खपाच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर गेले. त्यानंतरची, चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर मुद्रित केलेली ‘बूडल बूडल बूडल’ ही छोटी तबकडी तर पहिल्या पाचांत पोहोचली आणि कितीतरी महिने यादीत टिकून होती. ड्युनेडिनमधल्या तरुणांना ती घरोघर माहीत होती. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये ती उशिरा पोहोचली म्हणून तिला उपेक्षित म्हणायचे असेल, तर आपण लंडन आणि न्यूयॉर्कच्या खिडकीतून पाहत आहोत, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुण्यात बसून लिहिणाऱ्या मुलीने ती खिडकी उसनी घेऊ नये, असे मला फार वाटते.

आता पैशांविषयी, कारण तुझ्या लेखात हिशोब कुठेच नाही आणि या संगीताचा निम्मा अर्थ हिशोबात आहे. ‘बझकॉक्स’ या मँचेस्टरच्या बँडने ओळखीच्यांकडून पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ स्वतःच काढली आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, हे कव्हरवर छापून टाकले. त्याच वर्षी लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’नी पहिली तबकडी काढली. दोन्ही बाजूंना वेगळी गाणी कोरण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तीच दोन गाणी त्यांनी दोन्ही बाजूंना ठेवली. एकूण खर्च एकशे त्रेपन्न पौंड. पुढच्या तबकडीच्या कव्हरवर हा आकडा त्यांनी सर्वांना सांगितला आणि हे सोपे आहे, स्वस्त आहे, तुम्हीही करा, अशा अर्थाचे आवाहन केले. १९७८ मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ने तर पहिल्याच सिंगलच्या, म्हणजे दोनतीन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, कव्हरवर ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंतचा खर्च बाबवार मांडला. रेकॉर्ड काढणे म्हणजे मोठ्या कंपनीच्या दारात तिष्ठत उभे राहणे, ही त्या वेळेपर्यंतची समजूत होती. एखाद्या गृहिणीने किराणा मालाच्या यादीपुढे दर लिहावेत तसे आकडे लिहून या मुलांनी ती मोडली. माझ्या दृष्टीने हे आकडे त्या गाण्यांइतकेच वाजतात.

पण रेकॉर्ड काढता आली तरी ती दुकानापर्यंत न्यावी लागते आणि बहुतेक बँड तेथे अडले. रफ ट्रेडचे दुकान १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्याच्यासह यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, एडिंबरा, नॉर्विच अशा ठिकाणच्या स्वतंत्र वितरकांनी एकत्र येऊन ‘द कार्टेल’ नावाचे जाळे विणले आणि त्यामुळे लहान गावातल्या मुलालाही मागवलेली सिंगल मिळू लागली. यॉर्कचे ‘रेड रायनो’ १९८८ मध्ये बुडाले आणि १९९१ मध्ये खुद्द रफ ट्रेडची वितरणव्यवस्था कोसळली. लहान लेबलांचे पैसे अडकले आणि कित्येक रेकॉर्ड पुन्हा छापल्याच गेल्या नाहीत. जे बँड तुला ‘विस्मृतीत गेलेले’ वाटतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या विस्मृतीचे कारण असे अगदी रूक्ष आणि हिशोबाच्या वहीतले आहे. ते शोधायला वेळ लागतो, पण ते सापडले की लेखातले हळहळीचे उद्गार आपोआप गळून पडतात.

‘द रेनकोट्स’वरचा तुझा परिच्छेद मला सर्वांत जास्त खटकला, कारण त्यातल्या सहा वाक्यांपैकी चार ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन याच्याविषयी आहेत. ती हकिकत मलाही प्रिय आहे. १९९२ मध्ये तो त्यांचा पहिला अल्बम शोधत लंडनच्या रफ ट्रेडच्या दुकानात गेला, तेथून त्याला जवळच्याच, बँडमधली ॲना दा सिल्वा काम करत होती त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पाठवण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या आपल्या बँडच्या ‘इन्सेस्टिसाइड’ या अल्बमच्या वेष्टनावर त्याने त्या भेटीविषयी लिहिले. त्यातून त्यांचे अल्बम पुन्हा निघाले. १९९४ मध्ये ‘रेनकोट्स’ ‘निर्वाणा’बरोबर दौऱ्यावर जाणार होत्या आणि तो दौरा कोबेनच्या मृत्यूमुळे झालाच नाही. परंतु हे प्रमाणपत्र बाजूला ठेवले तर तुझ्या परिच्छेदात काय उरते? मदेइरा बेटावरून आलेली ॲना आणि जीना बर्च लंडनमध्ये कलाशिक्षण घेताना भेटल्या, वाद्ये शिकता शिकताच त्यांनी बँड काढला आणि अभिजात संगीताचे शिक्षण घेतलेली विकी ॲस्पिनॉल व्हायोलिन घेऊन त्यांच्यात आली. १९७९ चा तो अल्बम ऐक : शिकलेले व्हायोलिन आणि शिकत असलेली गिटार एकमेकांना अडखळतात, थांबतात, पुन्हा वाट देतात, आणि कुणीही कुणाला दुरुस्त करत नाही. त्या सगळ्या एकमेकींचे ऐकत आहेत, हे त्या ध्वनिमुद्रणात जसे ऐकू येते तसे मी फार थोड्या रेकॉर्डवर ऐकले आहे. कोबेनला जे ऐकू आले ते तुला ऐकू आले का, हे मला वाचायचे आहे.

‘द साउंड’विषयी लिहिताना मात्र फार जपून. एड्रियन बोरलंडचा हा लंडनचा बँड. ‘जेपर्डी’ १९८० चा आणि ‘फ्रॉम द लायन्स माउथ’ १९८१ चा. मोठ्या कंपनीला अधिक खपणारे संगीत हवे होते, बँडने १९८२ मध्ये ‘ऑल फॉल डाउन’ हा अधिकच अवघड अल्बम दिला आणि करार संपला. बोरलंड दीर्घकाळ मानसिक आजाराशी झगडत होते आणि १९९९ मध्ये त्यांनी जीवन संपवले. तू तो शेवट परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवला आहेस आणि मग प्रत्येक गाणे त्या शेवटाची चाहूल म्हणून वाचले आहेस. असे करू नकोस. १९८१ मध्ये स्टुडिओत उभा असलेला तो तेवीस वर्षांचा माणूस आपल्या साथीदारांबरोबर एक चांगला अल्बम करत होता. त्याला त्या दिवसाचे श्रेय त्या दिवशीच द्यावे.

तुझ्या यादीत ‘एलियन कल्चर’ पाहून मला आनंद झाला. मार्गारेट थॅचर यांनी १९७८ मध्ये वेगळ्या संस्कृतीच्या लोकांमुळे बुडून जाण्याची भीती ब्रिटिश लोकांना वाटते असे बोलून दाखवले, त्यावरूनच हे नाव उचललेल्या या बँडमध्ये तीन मुले पाकिस्तानी कुटुंबांतली आणि एक गोरा होता. १९८० मध्ये त्यांची एकच सिंगल निघाली. उपखंडातली नावे दिसली की आपल्याला जवळीक वाटते, आणि वाटावी. पण ती जवळीक ऐकण्याच्या आड येऊ देऊ नकोस. घरातली शिस्त आणि रस्त्यावरचा द्वेष यांच्यामध्ये सापडलेल्या मुलांनी पंकचा आवाज का निवडला, हे त्या दोन गाण्यांतूनच सांग.

शेवटी एक घरगुती गोष्ट. ऐंशीच्या दशकात पुण्यात मी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर जॉन पील यांचा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर ऐकत असे. आवाज लाटेसारखा येई आणि जाई, बँडची नावे एकदाच उच्चारली जात, म्हणून कानावर पडतील तशी ती मी देवनागरीत एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवी. काही गाणी ट्रान्झिस्टरसमोर टेपरेकॉर्डर धरून उतरवली. पुढे त्या कॅसेट मी कोकणातल्या घरी लोखंडी ट्रंकेत ठेवल्या आणि दोन पावसाळ्यांनंतर उघडल्या, तेव्हा फितीवर पांढरी बुरशी पसरली होती. एकोणीस कॅसेटपैकी चारच वाजल्या, आणि त्यांच्यावर तारीख लिहिण्याचे कष्टही मी घेतले नव्हते. ती चूक माझी, आणि तिची भरपाई झाली नाही. तू जे ऐकतेस ते फक्त मोबाइलवर आहे, एखादे दिवशी तेही दिसेनासे होऊ शकते. तेव्हा प्रत्येक ध्वनिमुद्रण कुठून मिळाले, कोणत्या आवृत्तीचे आहे, कव्हरवर काय छापले आहे, हे आजपासूनच वहीत लिहीत जा.

माझी ती वही या पत्रासोबत पाठवत आहे. चौदाव्या पानावर ‘यंग माबल जॉइंट’ असे चुकीचे नाव दिसेल. त्याच्यापुढे ‘बाई फार हळू गाते, पुन्हा ऐकायला हवे’ असे लिहिले आहे. त्याखाली अर्धे पान कोरे आहे. तुझा नवा परिच्छेद आधी तेथे लिही आणि वही परत पाठव.

तुझी,
मावशी