अर्जेंटिनातल्या मोरोनच्या विमान संग्रहालयातलं मिग-१५ या सोव्हिएत लढाऊ जेटसारखं दिसणारं विमान कोणतं?

ते मिग नाही, अर्जेंटिनाचं स्वतःचं लढाऊ जेट पुल्की-२ आहे. नाकातलं हवा ओढणारं गोल तोंड आणि मागे झुकलेले पंख पाहून भलेभले फसतात. शेपटी बघा: पुल्कीचा आडवा पंख उभ्या शेपटीच्या अगदी टोकावर बसवलाय, इंग्रजी टी अक्षरासारखा, मिगचा थोडा खाली असतो. मुख्य पंखही पुल्कीचे वर, खांद्यापाशी. इंजिनाचं मूळ मात्र एकच, रोल्स-रॉइसचं ब्रिटिश नीन इंजिन!

शेजारी सरळ पंखांचं, एकाच इंजिनाचं जेट दिसलं तर ते १९४७चं पुल्की-१. पंखांत दोन इंजिनं असतील तर ब्रिटिश लढाऊ जेट ग्लॉस्टर मीटिओर.

आणि हो, पुल्की-२ चे शिल्पकार, जर्मन अभियंते कुर्ट टँक पुढे बंगळुरूला आले आणि त्यांनीच आपलं मारुत हे लढाऊ जेट घडवलं.