घड्याळ लाल झोन दाखवतंय, पण तुम्ही तर गप्पा मारत पळताय

प्रश्न : ताई, माझं वय 46. हार्ट रेटवालं घड्याळ घेतलं आणि पळायची मजाच गेली बघा. मित्राबरोबर आरामात गप्पा मारत पळतो तेव्हा ठोके 145 आणि घड्याळाने ठोक्यांवरून पाडलेल्या मेहनतीच्या टप्प्यांतला झोन 4, सारखं हातावर थरथरतं की हळू करा, हळू करा. झोन 2 मध्ये राहायचं तर चक्क चालावं लागतं. मागच्या 5 किलोमीटरच्या रेसमध्ये शेवटच्या चढावर 187 दिसले होते, तेही छातीच्या पट्ट्यावर. सकाळी उठल्यावर 57 असतात. हृदयाचा काही प्रॉब्लेम तर नसेल?

उत्तर : दादा, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला गडबड घड्याळाच्या सेटिंगमध्ये दिसतेय. तुम्ही वय टाकलंत, त्याने 220 मधून 46 वजा केले आणि तुमचा मॅक्स, म्हणजे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके, 174 धरला. मग त्याचे 60 ते 70 टक्के म्हणजे झोन 2, तो आला 104 ते 122, आता एवढ्यात पळणार कसं, नुसतं भरभर चाललं तरी तिथपर्यंत जातात. आणि 145 म्हणजे 174 च्या 83 टक्के, म्हणून झोन 4.

पण तुमचे ठोके 187 पर्यंत गेलेले आहेत ना, मग 174 हा मॅक्स असूच शकत नाही! हे 220 वजा वय प्रकरण 1971 सालच्या एका लेखापासून रूढ झालं, तेही आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र ठेवून त्यातून ओढलेली एक ढोबळ रेषा. 2001 मध्ये त्याहून बरं सूत्र आलं, 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करायचे, पण तुमच्या वयाला त्यानेही 176 च्या आसपासच येतात. कारण कुठलंही सूत्र त्या वयाच्या लोकांची सरासरी सांगतं आणि एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत 10-12 ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो, कधी त्याहून जास्त.

आता एक करा. सेटिंगमध्ये जाऊन मॅक्स 187 टाका, आरामातले ठोके 57 टाका आणि झोन काढायची पद्धत हार्ट रेट रिझर्व्ह निवडा. यात 187 मधून 57 गेले, उरले 130, त्याचे 60 टक्के म्हणजे 78 आणि 70 टक्के म्हणजे 91, त्यात परत 57 मिळवायचे. झोन 2 आला 135 ते 148. तुमचे गप्पा मारतानाचे 145 बरोब्बर आत बसले की नाही? तुमचा श्वास आधीपासून खरं सांगत होता. व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाजसुद्धा बरीच घड्याळं ठोक्यांवरूनच काढतात, त्यामुळे मॅक्स चुकीचा असेल तर तोही चुकतो.

ज्यांना मॅक्स माहीत नाही आणि काढायचीही इच्छा नाही त्यांनी 30 मिनिटं एकट्याने, जेवढं एकसारखं टिकेल तेवढं जोरात पळावं आणि शेवटच्या 20 मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी घ्यावी, ती तुमची थ्रेशोल्ड, म्हणजे जोरात पण बराच वेळ टिकेल अशा पळण्याची हद्द. सोपं पळणं त्याच्या 85 ते 89 टक्क्यांत ठेवायचं. मात्र चाळिशी उलटलीय, बीपी-शुगर आहे किंवा घरात हृदयविकार आहे अशांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय असली टेस्ट करू नये, हे मी अगदी हात जोडून सांगते.

प्रश्न : पळायला सुरुवात केली की पहिल्या काही मिनिटांतच 170-175 दाखवतं, दम तर अजिबात लागलेला नसतो. मग अचानक 130 वर येतं. घड्याळ खराब आहे का?

उत्तर : बहुतेक ते तुमची पावलं मोजतंय. घड्याळाच्या पाठीवर जे हिरवे दिवे लुकलुकतात ना, त्यांचा उजेड कातडीत जातो, रक्त हिरवा उजेड शोषतं, दर ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा उजेड कमी होतो, त्या चढउतारावरून ठोके काढतात. पण पळताना घड्याळ हातावर हलतं, तोही चढउतारच, आणि पावलंही मिनिटाला 160 ते 180 च्या घरात पडत असतात. थंडीत हात गार असले की कातडीतलं रक्त कमी झालेलं असतं, मग घड्याळ सरळ पावलांचाच ताल पकडून बसतं.

तपासायचं कसं? आकडा 172 दिसतोय तेव्हा थांबा, लगेच मानेवर दोन बोटं ठेवा, 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. 32 मोजलेत तर 128 झाले, थांबल्यावर ठोके उतरतात हे खरं, पण इतक्या पटकन 40-45 नाही उतरत. घड्याळाच्या आकड्यांमध्ये पावलांचा आकडाही असतो, तो आणि ठोके जोडीने चालत असतील तर शंकाच नको.

उपाय म्हणजे घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण मुंग्या येणार नाहीत असं बांधा, आणि निघण्याआधी थोडं भरभर चालून हात गरम करा. टॅटूवर बांधू नका, शाई उजेड अडवते. इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात थोडं हळू असं आलटून पालटून पळणं, करत असाल तर मात्र छातीचा पट्टाच घ्या. तो हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो, म्हणून वेगात बदल झाला की लगेच कळतं, मनगटावरचं बऱ्याचदा मागे राहतं. हे तंत्र जुनं आणि पारखलेलं आहे, फिनलंडच्या पोलर कंपनीने 1982 मध्येच बिनवायरचा पट्टा आणि मनगटावरचा रिसीव्हर बाजारात आणला होता. पट्ट्याच्या आतली रबरी पट्टी ओली करून घाला, कोरडी असेल तर तोही सुरुवातीला काहीही दाखवतो.

आणि 30 सेकंदांच्या स्प्रिंटला आकडा बघूच नका, हृदयालाच वर चढायला वेळ लागतो, तोवर स्प्रिंट संपलेली असते.

प्रश्न : तोच रस्ता, तोच पेस, पण उन्हाळ्यात ठोके 10-15 ने जास्त. लाँग रनच्या शेवटी तर आणखी वाढतात. फिटनेस गेला का माझा?

उत्तर : नाही हो. उकाड्यात अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, मग दर ठोक्यामागे कमी रक्त बाहेर पडतं आणि ती कसर हृदय ठोके वाढवून भरून काढतं. लांब पळताना हेच हळूहळू होत जातं. सोप्या रनला पेस सोडून द्या, ठोके धरा, चढावर चालावं लागलं तर खुशाल चाला. लाज कसली, शरीरावरचा ताण खरंच वाढलेला असतो. रेसच्या दिवशी मात्र उलट, तिथे उत्तेजनाने सुरुवातीलाच आकडा चढलेला असतो, तेव्हा दमावर विश्वास ठेवा.

प्रश्न : बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. कितीही पळलं तरी 120 च्या वर जात नाही. आणखी जोर लावू का?

उत्तर : अजिबात नको! ते औषधच ठोके खाली ठेवतं, त्यामुळे वयाची सूत्रं आणि घड्याळाचे झोन तुम्हाला लागूच होत नाहीत. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे एवढ्याच जोरात पळा, आणि वरची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. औषध स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. आणि हे सगळ्यांसाठीच, छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, चक्कर आली तर घड्याळ 90 दाखवो की 190, तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

प्रश्न : दोन-तीन दिवस सकाळचे ठोके नेहमीपेक्षा 8 ने जास्त येतायत, पण प्लॅनमध्ये उद्या इंटरव्हल आहेत. करू की नको?

उत्तर : झोप कमी झालीय का, घसा खवखवतोय का, रात्री दारू किंवा उशिरा जड जेवण झालं होतं का, आधी हे बघा. यातलं काही असेल तर कारण सापडलं. काहीच नसेल तर मागचा ताण अजून उतरलेला नसावा किंवा आजारपण यायच्या बेतात असेल. दोन्हीकडून इंटरव्हल पुढे ढकला, उद्या अर्धा तास हळू पळा नाहीतर सुट्टी घ्या, आकडा खाली आला की करा. आठवडाभर विश्रांती घेऊनही उतरला नाही तर तपासून घ्या.