पांढरे दोरे आणि साडेआठशेची पावडर

प्रश्न: ताई, डहाणूकडे खाडीला लागून आमचा एक एकराचा तलाव आहे. वेनामी कोळंबीची 2 लाख 40 हजार पिल्लं (पीएल) सोडली, त्याला आज 52 दिवस झाले. आठवडाभर वाऱ्याच्या कोपऱ्यात विष्ठेचे पांढरे दोरे तरंगताना दिसतायत. माल लहानमोठा झालाय, काही 9 ग्रॅम तर काही 4 वरच अडकलाय. खाद्य देणारा म्हणतो, प्रीबायोटिक पावडर सुरू करा, किलोला 850 रुपये, किलोभर खाद्याला 3 ग्रॅम. शेजारी म्हणतो, पावडर कशाला, लसूण वाटून घाल. काय करू?

उत्तर: दादा, पाकीट आज फोडू नका. आधी दहा-बारा कोळंब्या घेऊन प्रयोगशाळा गाठा आणि ईएचपी या परजीवीची पीसीआर, म्हणजे जनुकीय चाचणी, करून घ्या. पांढरे दोरे आणि लहानमोठा माल एकत्र दिसला की मला पहिला संशय त्याचाच येतो. हा सूक्ष्म परजीवी हेपॅटोच्या, म्हणजे कोळंबीच्या डोक्याकडच्या पचनग्रंथीच्या, पेशींत घर करतो आणि त्यावर औषध नाही. प्रीबायोटिक तर नाहीच नाही. विब्रिओ हे जिवाणू वाढले तरी दोरे दिसतात, म्हणून नुसत्या अंदाजावर जाऊ नका.

अहवाल येईपर्यंत खाद्य निम्म्यावर आणा, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्रभर चालू ठेवा, तळातला गाळ काढा. आज संध्याकाळी चेक ट्रेमधली (खाद्य तपासायच्या जाळीच्या ताटातली) एक कोळंबी उचला आणि बॅटरीच्या उजेडात आडवी धरा. पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारी आतड्याची रेघ भरलेली, तपकिरी आणि अखंड हवी. मध्येच तुटलेली, फिकट, पाण्यासारखी दिसली तर आतडं बिघडलंय. हेपॅटो आक्रसून फिकट पडलाय का, तेही बघा. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा ही रेघ जास्त खरं बोलते.

आता पावडरीचं. दह्यातून पोटात जिवाणू जातात, ते प्रोबायोटिक. आतल्या चांगल्या जिवाणूंना लागणारं खाणं ते प्रीबायोटिक, जे कोळंबीला स्वतःला पचत नाही. चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन हा त्यातलाच प्रकार. यीस्टच्या पेशींच्या सालीतून काढलेलं एमओएस (मॅनन नावाच्या साखरेची साखळी) हा दुसरा. काही उपद्रवी जिवाणू आतड्याला चिकटायचे ते त्यालाच चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. त्याच सालीतलं बीटा-ग्लुकॅन जरा वेगळं काम करतं. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी अँटीबॉडी तयार होत नाही, तिची सगळी भिस्त जन्मजात संरक्षणावर. बीटा-ग्लुकॅन दिसलं की बुरशी आली असं समजून तिच्या रक्तपेशी सावध होतात. पण रोज उठून खोटी हाक मारली तर पहारेकरीही थकतो. म्हणून ते सलग देऊ नका, मध्ये खंड ठेवा.

थोडक्यात, ही पावडर निरोगी मालाला, शक्यतो सुरुवातीपासून द्यायची. आजारी पडल्यावर द्यायची ती नव्हे.

माझंच सांगते. एका हंगामात मी चारही तलावांना प्रीबायोटिक दिलं. माल उत्तम निघाला आणि मी सगळ्यांना तेच सांगत सुटले. पुढच्या हंगामात तीच पावडर, तेच प्रमाण, आणि दोन तलाव आठव्या आठवड्यात बसले. तेव्हा कळलं, पहिल्या वर्षी एकही तलाव पावडरीशिवाय ठेवला नव्हता, मग श्रेय पावडरीचं की चांगल्या बीजाचं, हे सांगणार कसं? तुमच्याकडे एकच तलाव आहे, तर शेजाऱ्याशी बोलून ठेवा. बीज एकाच हॅचरीचं घ्या, सोडा एकाच दिवशी, पावडर एकानेच द्या.

हिशेबही मांडा. रोज 50 किलो खाद्य धरलं तर 150 ग्रॅम पावडर, महिन्याला साडेचार किलो, म्हणजे 3,825 रुपये. खाद्याच्या बिलापुढे हे फार नाही, म्हणूनच माणूस विचार न करता घेतो.

घ्यायचीच तर पाकिटावर कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर ऑथॉरिटीची नोंदणी आहे का ते बघा. 'सर्व रोगांवर रामबाण' असं लिहिलेल्या, घटक न सांगणाऱ्या डब्याला हात लावू नका. त्यात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान ही बंदी असलेली प्रतिजैविकं निघाली तर माल कारखान्याच्या दारातून परत येईल. पावडर थोड्या पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडा, वर बाइंडरचा, म्हणजे पावडर चिकटवून ठेवणाऱ्या द्रावाचा, हात फिरवा आणि अर्धा तास सावलीत सुकवा. ओलं खाद्य तसंच टाकलं तर पावडर तलावाच्या पाण्याला मिळते, कोळंबीला नाही.

शेजाऱ्याच्या लसणाला मी हसणार नाही. लसणात, कांद्यात इन्युलिनच्या जातीची साखर खरंच असते. फक्त दर पाकळीत किती, ते मोजलेलं नसतं, आणि वाटण नीट चिकटलं नाही तर पाणी खराब होतं. ईएचपीवर मात्र लसूणही चालत नाही.

अहवाल आला की तो आणि हेपॅटोचा फोटो दोन्ही पाठवा. ईएचपी निघाली तर माल किती दिवस ठेवायचा, ते ठरवू.