गीझर टिकटिकतो, पण पेटत नाही

प्रश्न : काका, नळ सोडला की आमचा गॅस गीझर टिकटिक करतो, पण जाळ धरत नाही. पेटलाच तर अर्ध्या आंघोळीत विझतो. सेल नवेच आहेत.
– एक वाचक भगिनी, करंजे, सातारा

उत्तर : ताई, टिकटिक होते म्हणजे पाण्याचा दाब पुरेसा आहे. घोळ गॅसच्या बाजूला दिसतोय. आधी शेगडी पेटवून बघा. तिचाही जाळ मंद असेल तर सिलिंडर किंवा रेग्युलेटरकडे बघायचं. साताऱ्याच्या थंडीत संपत आलेल्या सिलिंडरचा दाब पहाटे आणखी पडतो. शेगडी त्यावर कशीबशी भागवते, गीझरला मात्र गॅस भरपूर लागतो. सेल नवे असले तरी सेलची डबी उघडून आतल्या धातूच्या पट्ट्या बघा. ओलीने त्यांवर हिरवट थर चढला असेल तर ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला जोर पुरत नाही. पॉलिश पेपरने घासा.

मध्येच विझतो तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नळ सोडलाय का, बघा. पाण्याचा दाब पडला की गीझर आपोआप बंद होतो. तसं नसेल तर आत क्षार साचलेत का, ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

गीझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर, ते तुम्ही लिहिलं नाही. मला खरी काळजी त्याचीच आहे. आत असेल तर आधी बाहेर काढा, मग दुरुस्ती. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो साचतो आणि त्याला वास नसतो. जाळ पिवळा दिसला तर गॅस नीट जळत नाहीये असं समजा; दुरुस्ती होईपर्यंत चुलीवर पाणी तापवा, गीझर लावू नका.