कांद्याची बातमी इंग्रजीतून वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इंग्रजी पेपर उघडला की पहिल्याच परिच्छेदात शब्द अडतात, डिक्शनरी घेऊन बसावं लागतं आणि खाली येईपर्यंत वर काय वाचलं तेच आठवत नाही, असं तू लिहिलंस. तू थेट अग्रलेखालाच हात घातलास, म्हणून गाडं अडलं. तिथं भाषाही नवी आणि विषयही नवा. सध्या विषय असा निवड, ज्यातलं लिहिणाऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं. निफाड तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरातला मुलगा तू. खाणंपिणं आणि ते पिकवणं, यातलं तुला कुणी काही शिकवायची गरज नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या पाकिटांपासून कर. बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरातली यादी वाच. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात; जो आधी, तो जास्त. त्यामुळे पहिला शब्द बहुधा मैद्याचा किंवा गव्हाच्या पिठाचा असणार, हे वाचायच्या आधीच तुला ठाऊक असतं. पुढे कुठेतरी 'रेझिंग एजंट' येईल आणि त्याला चिकटून 500 हा आकडा. थांबू नकोस. पीठ फुगायला आई काय घालते? खायचा सोडा. तोच तो. असा स्वतः काढलेला अर्थ डोक्यात पक्का बसतो.

मात्र पाकीट वाचताना हातात एक प्रश्न हवा. घरातल्या दोन पुड्यांपैकी जास्त साखर कशात? मग तक्त्यात 'शुगर' शोध आणि 100 ग्रॅमचा रकाना धर. शेजारचा 'पर सर्व्ह'चा रकाना फसवा असतो, कारण एका वेळचं प्रमाण प्रत्येक कंपनी वेगळं धरते. परीक्षेतल्या उताऱ्यातही हेच करायचं असतं: प्रश्न मनात ठेवून नेमकी ओळ गाठायची. उन्हाळ्यात आइस्क्रीम म्हणून आणलेल्या कपावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलंय का, तेही बघ. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेलं असतं. एवढं वाचता आलं तरी घरच्यांच्या उपयोगी पडशील.

पाककृती वाचायची तर तुला करता येते तीच घे. कांदेपोह्यांच्या इंग्रजी कृतीत 'रिन्स' म्हटलेलं असेल आणि लगेच 'डू नॉट सोक' अशी ताकीद. पोहे भिजत ठेवले तर लगदा होतो हे तुला माहीत आहे, म्हणून दोन्ही शब्द न विचारता कळतात.

आता खरं काम, कांद्याच्या बातम्या. 2024 च्या मे महिन्यातल्या बातम्या शोधून काढ. 8 डिसेंबर 2023 ला लादलेली निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, तेव्हाच्या. बातमीत 'अरायव्हल्स' दिसेल. लासलगावात तू त्याला आवक म्हणतोस. 'मोडल प्राइस' दिसेल. बाजार समितीच्या फळ्यावरचा सर्वसाधारण दर तो. नामं अशी आपोआप सुटत जातात. डिक्शनरी लागते ती वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना. 'हाउएव्हर', 'डिस्पाइट', 'अनलेस' हे लहान शब्द पुसट राहिले तर अख्ख्या बातमीचा अर्थ उलटा लागतो. त्यांची वेगळी वही कर. बाकीच्या शब्दांपैकी जो पुन्हा पुन्हा आडवा येईल तेवढाच बघ.

त्या बातमीतच बघ. बंदी उठली, असं पहिल्या वाक्यात असेल. तेवढंच वाचणारा समजेल, शेतकरी खूश झाला. पण पुढे कुठेतरी वाक्य वळतं आणि किमान निर्यात मूल्य टनाला 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क असल्याचं कळतं. हिशेब मांड: 550 वर 220, म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो कांदा निदान 770 डॉलरला पडणार. बंदी उठूनही शेतकऱ्यांची तक्रार का उरली, हे तुला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागणार नाही. उताऱ्याचं आकलन म्हणतात ते हेच, आणि मोठमोठ्या शब्दांच्या याद्या पाठ केलेल्या मुलांनाही ते जमतंच असं नाही.

त्यानंतरच्या बातम्या ओळीनं वाच. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, 1 एप्रिल 2025 पासून तेही उठलं. एकच विषय धरून सलग वाचलं की तेच तेच शब्द परत भेटतात आणि वेग वाढतो. पुढे डॉलर, बांगलादेशची मागणी, महागाई असं करत तू त्या अग्रलेखापर्यंत पोचशीलच; त्याची घाई मला नाही.

या आठवड्यात एक बातमी निवड. आधी न थांबता पूर्ण वाच, मग वडिलांना मराठीत सांग. ते जिथे म्हणतील, "असं नाही रे, तिथं वेगळंच झालं होतं," त्या ओळीखाली पेन्सिलीने खूण कर आणि ती ओळ परत वाच. चूक तुझ्या वाचण्यात होती की बातमीत, ते मला कळव. मराठीत लिहिलंस तरी चालेल.

तुझे,
सर